कोनशिलेवर नसलेली नावे : बीबी परिसर आणि बांधकाम खाते

बांधकाम खात्याने गावोगावी कोनशिला बसवल्या. भूमिपूजन कोणाच्या हस्ते, लोकार्पण कोणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची, हे सगळे संगमरवरात कोरले गेले. खात्याचे नाव असलेच तर शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत. आणि ज्याने उभी नोकरी त्याच रस्त्याच्या मोऱ्या उपसल्या, त्या मैलकुलीचे नाव कोणत्याच दगडावर नाही. बीबी परिसरापुरता या खात्याचा इतिहास मांडताना हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढचे सगळे याच गोष्टीभोवती फिरणार आहे. बांधल्याची नोंद होते, राखल्याची होत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांचे जे काही भले-बुरे झाले ते मात्र बहुतेक राखण्या-न राखण्यामुळेच झाले.

बीबी आज लोणार तालुक्यात आहे. तालुके वाढण्यापूर्वी ते मेहकर तालुक्यात होते. जालन्याहून सिंदखेडराजा, दुसरबीड करत सुलतानपूर-मेहकरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, बाजारपेठ, एसटीचा थांबा या सगळ्यामुळे किनगाव जट्टू, सोमठाणा, खापरखेड अशा गावांचा रोजचा राबता इथे असतो. अशा गावात बांधकाम खात्याची ओळख कार्यालयाच्या पाटीवरून होत नाही. दवाखान्याची भिंत, शाळेकडे वळणारा फाटा, नाल्यावरची फरशी, पावसाळ्यात खचणारी साइडपट्टी, ही खात्याची ओळख. चांगली असो वा वाईट.

सार्वजनिक बांधकाम हा प्रकार साहेबाने आणला असे ज्याला वाटते त्याने सिंदखेडराजाचा मोती तलाव आणि पुतळा बारव एकदा नीट पाहावी. जाधवांच्या काळातल्या या पाण्याच्या व्यवस्था आहेत. लोणारची धार, दैत्यसूदनाचे देऊळ, मेहकरची जुनी दगडी धर्मशाळा ही त्याहूनही जुनी. वाटसरूला सावली, जनावराला पाणी आणि गावाला बारव देणे हे राजाचे, सावकाराचे किंवा देवस्थानाचे काम मानले जाई. इंग्रजी अमलात हेच काम पगारी नोकरांचे झाले, त्याला अंदाजपत्रक आले, मोजमाप आले, आणि खर्चाचा हिशेब वरच्या साहेबाला द्यावा लागू लागला. हा बदल लहान नव्हता.

निजामाने 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, डलहौसीने जुने लष्करी मंडळ मोडून सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते उभे केले. म्हणजे वऱ्हाड आणि हे खाते इंग्रजी राजवटीत जवळजवळ एकाच वेळी दाखल झाले. खात्याने इथे आधी काय केले, हे कापसाला विचारावे. जीआयपी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी घाटाखालून गेली. 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. खामगावचा कापूस बाजार मग साऱ्या वऱ्हाडात गाजला. घाटावरून खामगावला, मलकापूरला उतरणाऱ्या सडका या बाजारासाठी झाल्या. मेहकरच्या मुलखाला त्या काळी उत्तरेचे तोंड होते. कापूस खाली जाई आणि मीठ, कापड, रॉकेल वर येई. शेतकऱ्याचे भले हा त्या सडकांचा पहिला हेतू नव्हता. बैलगाडीला चांगली वाट मिळाली, एवढे भले मात्र झाले.

पश्चिमेकडे चित्र वेगळे होते. सिंदखेडराजाच्या पलीकडे निजामाचा मुलूख सुरू होई. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि 1900 च्या सुमारास तिथे निजामाची मीटरगेज रेल्वे आली. उत्तरेला इंग्रजांची मोठी गाडी, पश्चिमेला निजामाची छोटी गाडी, आणि मधल्या पट्ट्यात बीबी, लोणार, मेहकर. शिटी दोन्हीकडून लांब. खामगाव-जालना रेल्वेची मागणी या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या चालू आहे, ती याच कोंडीतून. रेल्वे नाही म्हटल्यावर या मुलखाचा सगळा भार सडकेवर पडला, आणि सडकेचा भार बांधकाम खात्यावर.

1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि कारभाराची सूत्रे नागपूरला गेली. रस्त्यांच्या धोरणाचा विचार पुढे ज्या दोन टप्प्यांत झाला, त्या दोन्हींना मराठी मुलखाचा संबंध आहे. 1927 साली नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. रस्ते ही केवळ स्थानिक मंडळांची जबाबदारी नव्हे, देशाच्या तिजोरीनेही वाटा उचलला पाहिजे, हा त्या समितीचा सांगावा होता. त्यातून 1929 मध्ये पेट्रोलवरच्या कराचा केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. दुसरा टप्पा 1943 चा. प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाणारी आखणी त्यांनी केली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते ही उतरंड तिथली. आज आपल्या फाट्यावर कोणत्या रंगाचा किलोमीटरचा दगड आहे यावरून रस्ता कोणाचा ते कळते: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा, नारिंगी ग्रामसडकेचा. या रंगांमागची मूळ मांडणी नागपूरची.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे तालुक्याचे रस्ते जनपद सभांकडे होते. मग 1956 आले. विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात दाखल झाले. राजकीय इतिहासात या घटनेविषयी खूप लिहिले गेले. रस्त्याच्या अंगाने कोणी फारसे पाहिले नाही. जालना-सिंदखेडराजा-बीबी-मेहकर हा रस्ता तोवर दोन राज्यांच्या दोन खात्यांत तुटलेला होता. 1853 नंतर 1956 मध्ये तो पहिल्यांदा एका सरकारचा झाला. नागपूरहून मेहकरमार्गे औरंगाबाद आणि पुढे मुंबई अशी सलग वाट कागदावर येऊ शकली ती त्यामुळे. उत्तरेला खामगावकडे पाहणाऱ्या मुलखाने हळूहळू पश्चिमेला जालन्याकडे मान वळवली. आज बीबीचा व्यापारी लोखंड, बी-बियाणे, मोटारीचे सुटे भाग कुठून आणतो ते पाहा, म्हणजे रस्त्याने माणसाची दिशा कशी बदलते ते दिसेल.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि बांधकाम खात्याची दोन घरे झाली. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग, प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. शासनाच्या खात्याला तेव्हा ‘इमारत व दळणवळण’ असे नाव होते. जुनी माणसे अजूनही ‘बी अँड सी’ म्हणतात. हेतू चांगला होता. गावचा रस्ता गावाजवळच्या माणसाने ठरवावा. पण सामान्य माणसाच्या नशिबी यातून एक नवीन प्रश्न आला, तो आजतागायत सुटलेला नाही: हा खड्डा कोणाचा? बीबीच्या चौकातून आत वळणाऱ्या रस्त्याचा पहिला तुकडा एका खात्याचा, पुढचा दुसऱ्याचा, गावठाणातला ग्रामपंचायतीचा, आणि पुलाचे काम तिसऱ्याच योजनेतले. अर्ज घेऊन गेलेला माणूस या टेबलावरून त्या टेबलावर जातो, तोवर पावसाळा संपतो.

आता खात्याच्या खऱ्या कामाकडे येतो.

आपला मुलूख काळ्या मातीचा. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढी भेग पडते; रस्त्याखालीही तीच माती असते आणि तेच करते. म्हणून या भागात रस्ता वरून जितका बांधावा लागतो त्याहून अधिक खालून सांभाळावा लागतो. मुरमाचा भराव, त्यावर खडीचे थर, मग डांबर. रस्त्याचा मध्य थोडा उंच आणि दोन्ही कडांना उतार, म्हणजे पाणी थांबत नाही. कडेला साइडपट्टी, तिच्यापुढे चर, आणि ठिकठिकाणी पाणी पलीकडे नेणाऱ्या मोऱ्या. डांबराचा शत्रू ट्रकपेक्षा पाणी आहे. साइडपट्टी खचली की पाणी कडेने आत शिरते, खालची माती फुगते, कड तुटते, आणि मग ट्रकचे चाक फक्त निमित्त होते. चर गवताने बुजला, मोरीचे तोंड गाळाने बंद झाले, की लाखो रुपयांचा रस्ता दोन पावसाळ्यांत जातो. हे कोणत्याही शाखा अभियंत्याला माहीत असते. मैलकुलीला तर ते पुस्तक न वाचताच माहीत होते.

मैलकुली म्हणजे ठरावीक लांबीच्या रस्त्याचा राखणदार. त्याच्यावर मुकादम, मुकादमावर रोड कारकून आणि ओव्हरसिअर. हत्यारे म्हणाल तर टिकाव, फावडे, घमेले, विळा आणि धुम्मस. त्याचे वर्ष पंचांगावर चालायचे. मृग लागायच्या आत मोऱ्यांची तोंडे मोकळी करायची, चर उपसायचे. पावसाळ्यात फरशीवरून पाणी चालले की लाल फडके घेऊन उभे राहायचे आणि एसटीला थांबवायचे. पोळ्यानंतर गवत कापायचे. दिवाळीनंतर साइडपट्टीवर मुरूम टाकून ती पुन्हा डांबराच्या बरोबरीला आणायची. मग खड्डे चौकोनी कापून खडी-डांबराने भरायचे. मैलाच्या दगडांना चुना द्यायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढी आटोपून पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजाकडून बीबीवरून लोणार-मेहकरकडे जाते. ऐन पावसाळ्यातली वाट ती. वारकऱ्यांच्या पायांना खडी टोचू नये म्हणून रस्ता झाडून ठेवणे हेही मैलकुलीच्या कामात येई, कोणत्या नियमात लिहिलेले असो वा नसो. (मंत्र्यांच्या दौऱ्याआधीही रस्ता झाडला जातोच. पण त्या झाडण्याला आदल्या दिवशीचा फोन लागतो.)

कडेची झाडेही त्याच्याच नजरेखाली असत. कडुनिंब, चिंच, वड, आंबा. चिंचा-आंब्यांचा दरवर्षी लिलाव होई आणि ती रक्कम सरकारी तिजोरीत जमा होई. रुंदीकरणात ही झाडे गेली. एका झाडामागे अमुक रोपे लावण्याची अट करारात असते. रोपे लागतातही, पण त्यांना उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस करारात नसतो.

या माणसांच्या नोकरीचा इतिहास वेगळाच कष्टाचा आहे. मस्टरवर रोजंदारी लावायची, काम संपले की कमी करायचे, पुन्हा लावायचे, असे वर्षानुवर्षे चाले. 1967 च्या कालेलकर निवाड्याने सलग पाच वर्षे काम केलेल्या रोजंदारांना ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना’ या लांबलचक नावाखाली पगार, रजा, निवृत्तिवेतनाचा आधार दिला. नावात ‘नियमित’ही आणि ‘अस्थायी’ही, सरकारी भाषेलाच हे जमते. पण त्या निवाड्यामुळे हजारो घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आला, पोरे शिकली, हेही तितकेच खरे. खात्याने या भागाला काय दिले याची यादी करताना लोक पूल आणि इमारती मोजतात. मी या पगाराला त्या यादीत वरचे स्थान देईन.

पुढच्या काळात ही भरती थांबली. निवृत्त होणाऱ्याच्या जागी माणूस आला नाही. देखभालही ठेक्याने द्यायची असे धोरण झाले. ठेकेदाराची माणसे येतात, आठ दिवसांत पॅचवर्क करतात, पुढच्या गावाला जातात. त्यांचे काम वाईटच असते असे नाही. पण अमुक मोरीत दरवर्षी कोणत्या शेतातला गाळ येतो, तमुक वळणावर पाणी कुठे साचते, ही माहिती त्यांना नसते, आणि ज्यांना होती त्यांच्याकडून ती कोणी लिहून घेतली नाही. माझ्या मते खात्याच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी ही आहे. यंत्रे वाढली, निधी वाढला, रस्त्याला ओळखणारा माणूस कमी झाला.

1972 चा दुष्काळ या भागातल्या साठीच्या पुढच्या कोणालाही वेगळा सांगावा लागत नाही. त्याआधी छप्पन्नचा, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ. तेव्हाही उपासमारीवर उपाय म्हणून सडकेची कामे काढली होती. दुष्काळात लोकांना फुकट धान्य न देता खडी फोडायला लावायची, ही रीत इंग्रजांच्या दुष्काळी संहितेतली. 1972 मध्ये तीच रीत पुन्हा आली, पण या वेळी तिच्यातून वेगळे काही निघाले. खडी केंद्रांवर बायाबापड्या उन्हात बसून हातोडीने दगड फोडत. लहान पोरे शेजारी झोळीत. मजुरी ढिगाच्या मापाने. खोदकामाच्या ठिकाणी चौकड्या मोजल्या जात. सुकडी मिळे, रेशनवर मिलो मिळे. शाखा अभियंते, रोड कारकून, हजेरी सहाय्यक या लोकांच्या हाती एकाएकी शेकडो कुटुंबांची चूल आली. काहींनी माप मारले, काहींनी माप सढळ धरले. दोन्ही प्रकारच्या माणसांच्या आठवणी गावांत अजून आहेत. फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे रस्त्याकडेला तसेच पडून राहिले, त्यावर टीकाही झाली. पण वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात राज्यव्यापी रूप आले, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क देशात आधी महाराष्ट्राने कायद्यात लिहिला. त्या हक्काची रोजची अंमलबजावणी ज्यांनी केली त्यांत बांधकाम खात्याचा वाटा मोठा होता.

रोहयोच्या मातीकामातून या भागातले कितीतरी कच्चे रस्ते आखले गेले. पुढे त्यांवर खडीकरण झाले, मग डांबर आले. नव्वदच्या दशकात राज्याच्या बांधकाम मंत्रिपदी असलेल्या नितीन गडकरींनी खेडी बारमाही रस्त्यांनी जोडण्यावर भर दिला. 25 डिसेंबर 2000 रोजी पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली; सपाट प्रदेशात पाचशे लोकवस्तीची गावे तिच्यात बसत. या योजनेत एक शहाणपणाची अट आहे, ती म्हणजे बांधणाऱ्या ठेकेदारानेच पाच वर्षे देखभाल करायची. 2015 मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली. गावाला रस्ता आला की काय होते हे आकड्यांत मांडता येईल, पण बीबीच्या बसथांब्यावर सकाळी शाळा-कॉलेजला निघालेल्या मुलींची गर्दी पाहिली तरी पुरे.

इमारतींविषयी थोडक्यात. खात्याच्या नावातले अर्धे काम इमारतींचे आहे, आणि त्यांच्याकडे लोकांचे लक्ष संकट आल्यावरच जाते. 20 फेब्रुवारी 2024 रोजी एकादशीला सोमठाण्यात हरिनाम सप्ताहातल्या प्रसादातून दोनशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली. सगळा लोंढा रात्री बीबीच्या ग्रामीण रुग्णालयाकडे धावला. ग्रामीण रुग्णालय म्हणजे आपल्या राज्यात साधारण तीस खाटांची इमारत. खाटा संपल्या, व्हरांडा संपला. मग रुग्णालयाबाहेर रस्त्यावर लोकांना झोपवले गेले, झाडांना दोर बांधून त्यावर सलाइनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. ती छायाचित्रे देशभर दिसली आणि बरीच टीका झाली. ज्यांनी त्या रात्री धावपळ केली त्या डॉक्टर-परिचारिकांना आणि गावकऱ्यांना या स्मरणिकेतून मानाचा नमस्कार. टीकेतला मुद्दा मात्र खरा आहे आणि तो या लेखाच्या विषयातला आहे. एवढ्या गावांचा भार घेणाऱ्या ठिकाणी इमारत कितीची असावी हे कुठल्या तरी जुन्या मापदंडाने ठरते. गाव वाढते, रस्ते वाढतात, लोक बीबीला येऊ लागतात, भिंती तेवढ्याच राहतात.

राज्यातल्या एका दुर्घटनेचा उल्लेखही इथे हवा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला, दोन एसटी बस वाहून गेल्या. त्यानंतर राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी झाली. त्या पुलाला कोणी बांधताना चूक केली नव्हती. त्याने आपले आयुष्य चोख पुरे केले होते. प्रश्न होता तो म्हातारपणी त्याच्याकडे कोणी किती वेळा पाहिले याचा.

अलीकडच्या काळात या तालुक्याने रस्त्यांची अशी धामधूम पाहिली की पूर्वीच्या शंभर वर्षांत ती नव्हती. शेगाव-पंढरपूर पालखी मार्ग मेहकर-सुलतानपूर-लोणार असा राष्ट्रीय महामार्ग झाला. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि पूर्ण 701 किलोमीटर 5 जून 2025 रोजी. समृद्धी हे रस्ते विकास महामंडळाचे काम, बांधकाम खात्याचे नव्हे. पण त्या कामाच्या वर्षांत मुरमाचे डंपर ज्या गावरस्त्यांवरून धावले ते खाते आणि जिल्हा परिषदेचे होते. दहा टनांसाठी बांधलेल्या रस्त्यावरून त्याच्या कितीतरी पट वजन गेले. द्रुतगती मार्गाचे उद्घाटन दूरदर्शनवर झाले, खचलेल्या गावरस्त्यांसाठी उपोषणे तहसीलसमोर झाली. नंतर सिंदखेडराजा-शेगाव भक्तिमार्गाचा प्रस्ताव आला तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. आधीचे रस्ते आहेत ते नीट करा, हा त्यांचा युक्तिवाद. नवा रस्ता नको म्हणणारे शेतकरी ही या जिल्ह्यात नवी गोष्ट होती, आणि तिचा अर्थ खात्यांनी नीट लावला पाहिजे.

याच धामधुमीतली एक गोष्ट मात्र जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. महामार्गाच्या भरावाला माती-मुरूम लागतो. तो डोंगर पोखरून आणण्याऐवजी जिल्ह्यातले तलाव, नाले, नद्या यांतला गाळ आणि मुरूम काढून वापरायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि पाण्याचा साठाही वाढतो, हा प्रयोग इथे झाला. ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने तो देशभर गेला. रस्त्याचे आणि पाण्याचे खाते वेगळे असले तरी माती एकच असते, एवढे साधे गणित त्यामागे होते. जाधवांच्या काळात हे कोणाला समजावून सांगावे लागले नसते.

शेवटी पांदण. शेतापर्यंत जाणारी ही वाट नकाशात असते, वादात असते, चिखलात असते, खात्यात नसते. पूर्वी कापूस आणि ज्वारी घरी येई ती पाऊस उघडल्यावर. आता सोयाबीन आहे, ते ऐन परतीच्या पावसात काढणीला येते. ट्रॅक्टर-ट्रॉली पांदणीत रुतली की माल भिजतो, भाव पडतो. डांबरी रस्ता फाट्यापर्यंत उत्तम आणि शेवटचा दीड किलोमीटर गुडघाभर चिखल, असे चित्र असेल तर फाट्यापर्यंतच्या खर्चाचाही पुरा उपयोग होत नाही. पालकमंत्री पांदण रस्ते योजना, मग 2021 ची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना यांतून काही पांदणी झाल्या. अतिक्रमण काढायला शेजारी शेजाऱ्याला राजी करतो तिथेच हे काम पुढे जाते. ज्या गावांनी आपसांत बसून हद्दी मिटवल्या तिथे मुरूम पडला, जिथे कोर्टकचेरी झाली तिथे मंजूर निधी परत गेला.

खात्याचा खरा इतिहास मोजमाप पुस्तिकांत आणि जुन्या मस्टरांत आहे. कोणत्या साली कोणत्या मोरीला किती दगड लागला, कोणी किती दिवस काम केले, हे सगळे तिथे शाईने लिहिलेले आहे. असे जुने कागद रद्दीत जाण्याआधी त्यांची नक्कल गावच्या वाचनालयात यावी, अशी आमची खात्याला विनंती आहे. वाचकांनाही तीन गोष्टी सांगायच्या आहेत. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला फक्त कागद पाहण्याचाच नव्हे, चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क दिला आहे. दहा रुपयांचा अर्ज पुरतो. रस्त्याकडेच्या फलकावर ठेकेदाराची देखभालीची मुदत लिहिलेली असते, ती ग्रामसभेच्या नोंदवहीत उतरवून ठेवा आणि मुदत संपण्याआधीचा पावसाळा उलटताच रस्ता चालून पाहा. आणि आपल्या घरात, भावकीत, शेजारी कोणी मैलकुली, मुकादम, हजेरी सहाय्यक म्हणून काम केले असेल, तर त्यांच्याकडून कोणत्या मोरीत पाणी कुठून येते ते विचारून लिहून घ्या आणि ते टिपण शाखा अभियंत्याच्या हाती द्या. मृगाच्या आधी दिले तर उत्तम.